दीर्घिकांच्या केंद्रातली महाकाय कृष्णविवरं हलतात कशी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कृष्णविवरांवर बोलायला उभं राहिलं की पहिले प्रश्न 'आत पडलं तर काय होतं' याच वळणाचे येतात. त्यांची उत्तरं इथे नाहीत. सगळे उठल्यावर, खुर्च्या आवरत असताना कोणीतरी हळूच जवळ येऊन विचारतं ते प्रश्न इथे घेतले आहेत. ते बहुतेक एकाच शंकेतून निघतात: एवढं जड धूड मधोमध जाऊन बसलंच कसं, आणि बसलंय तर ते हलत का नाही?

सगळी दीर्घिका त्या कृष्णविवराभोवती फिरते ना?

नाही. हा गैरसमज सूर्यमालेच्या चित्रावरून येतो. सूर्यमालेतलं ९९.८ टक्क्यांहून जास्त वस्तुमान एकट्या सूर्यात आहे, त्यामुळे तिथे मधला मालक आणि भोवती फिरणारे ग्रह हे चित्र बरोबर बसतं. दीर्घिकेत तसं काही नाही. आपल्या आकाशगंगेच्या केंद्रातल्या कृष्णविवराचं, म्हणजे सॅजिटॅरियस ए-स्टारचं वस्तुमान साधारण ४३ लाख सूर्यांएवढं आहे. ऐकायला प्रचंड वाटतं. पण सूर्याच्या कक्षेच्या आत तारे, वायू आणि कृष्णद्रव्य (न दिसणारं, फक्त ओढीवरून कळणारं द्रव्य) धरून जे काही भरलंय ते १०० अब्ज सूर्यांच्या घरात जातं. म्हणजे कृष्णविवराचा वाटा लाखात चारेक भाग. ते उद्या कोणी उचलून नेलं तर सूर्याच्या कक्षेला पत्ताही लागणार नाही.

त्याची खरी हुकमत चालते ती दहाएक प्रकाशवर्षांच्या परिसरात. त्यापलीकडे ताऱ्यांवर राज्य असतं ते बाकीच्या ताऱ्यांच्या एकत्रित ओढीचं. आणि ही ओढ ताऱ्यांसारखीच त्या कृष्णविवरालाही लागू होते, हे ध्यानात ठेवलं की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

मग ते बरोबर मधोमधच कसं सापडतं?

घरंगळत येऊन. यामागची प्रक्रिया १९४३ साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी गणितात बसवली. तिला गतिकीय घर्षण म्हणतात. नावात घर्षण असलं तरी इथे काहीच कशावर घासत नाही.

समजा, एक जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून चालली आहे. जवळून जाणारा प्रत्येक तारा तिच्याकडे थोडासा ओढला जातो आणि आपली वाट वाकवतो. पण तो वळून येईपर्यंत वस्तू पुढे सरकलेली असते, म्हणून तारे गोळा होतात ते तिच्या मागे. पाठीमागे ताऱ्यांची जरा दाट शेपटी तयार होते आणि ती शेपटी वस्तूला मागे खेचते. वेग कमी होतो, कक्षा आक्रसते, वस्तू केंद्राकडे उतरते. ऊर्जा कुठे नाहीशी होत नाही, ती ताऱ्यांच्या पदरात पडते. जड वस्तू खाली बसते आणि हलके तारे थोडे वर उधळतात.

यात वजनाला फार किंमत आहे. वस्तू दुप्पट जड झाली की शेपटीही दुप्पट वजनाची होते, त्यामुळे मंदावण्याचा दर वस्तुमानाच्या प्रमाणात वाढतो. ढोबळ आकडे मांडून पाहू. ताऱ्यांचा सरासरी वेग सेकंदाला २०० किलोमीटर असलेल्या दीर्घिकेत केंद्रापासून १६ हजार प्रकाशवर्षांवर १० कोटी सूर्यांचं कृष्णविवर सोडलं, तर ते केंद्रात पोचायला साधारण ३ अब्ज वर्षं लागतात. तिथेच १० लाख सूर्यांचं सोडलं तर दोनशे-तीनशे अब्ज वर्षं. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं आहे. थोडक्यात, जाडजूड कृष्णविवरं केंद्रात पोचतात आणि हलकी वाटेतच राहतात. हलक्यांना एकच आशा असते. आपल्या मूळ दीर्घिकेतले तारे ती भोवती गुंडाळून आलेली असतील, तर त्या सगळ्या गाठोड्याचं वजन मोजलं जातं आणि उतरण्याला गती येते.

केंद्रात पोचल्यावर तरी ते गप्प बसतं का?

जवळजवळ. परागकणांतून पाण्यात उतरलेले बारीक कण सूक्ष्मदर्शकाखाली सतत थरथरताना दिसतात हे रॉबर्ट ब्राउन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८२७ मध्ये पाहिलं आणि ती थरथर रेणूंच्या धक्क्यांमुळे होते हे १९०५ मध्ये आइन्स्टाइनने दाखवलं. केंद्रातल्या कृष्णविवराचं तेच होतं. फरक इतकाच की धक्के देणारे रेणू नसून तारे असतात आणि धक्का लागतो तो दुरून, गुरुत्वाकर्षणाने.

थरथर किती मोठी असेल याचा अंदाज वहीच्या कोपऱ्यात काढता येतो. जड आणि हलक्या वस्तूंची गतिज ऊर्जा सरासरीने सारखी होते असं धरलं, तर वेग वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात राहतो. ४३ लाखांचं वर्गमूळ सुमारे २,०७०. तारे सेकंदाला १०० किलोमीटरने फिरत असतील तर कृष्णविवराच्या वाट्याला येतात सेकंदाला ५० मीटर, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. ४३ लाख सूर्यांचा गोळा शर्यतीतल्या गाडीच्या वेगाने डुलतोय! (ताऱ्यांची गर्दी हवेसारखी शिस्तीची नसते, म्हणून हे गणित काटेकोर नाही. अधिक नेटकी गणितं सेकंदाला २०० मीटरच्या आसपास येतात.)

पण हे मोजलं कसं? कृष्णविवर तर दिसत नाही.

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न, म्हणून उत्तर लांबणार आहे.

सॅजिटॅरियस ए-स्टारच्या अगदी जवळचा वायू रेडिओ लहरी सोडतो. हा रेडिओ ठिपका १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांनी शोधला (हे ब्राउन वेगळे, परागकणवाले नव्हेत). कृष्णविवर हललं तर ठिपका हलणारच. तेव्हा ठिपक्यावर पाळत ठेवायची.

मार्क रीड आणि अँड्रियास ब्रुंथालर यांनी त्यासाठी व्हीएलबीए वापरली. हवाईपासून कॅरिबियन बेटांपर्यंत पसरलेल्या प्रत्येकी २५ मीटरच्या १० रेडिओ थाळ्या, सगळ्या मिळून एका दुर्बिणीसारख्या काम करणाऱ्या. युक्ती अशी: आकाशात त्याच दिशेला, पण अब्जावधी प्रकाशवर्षं मागे काही क्वेसार, म्हणजे खादाड कृष्णविवरांमुळे झळाळणारी दीर्घिकांची केंद्रं आहेत. ते इतके दूर आहेत की स्थिर खुंट्यांसारखे धरता येतात. थाळ्या काही सेकंद ठिपक्याकडे, काही सेकंद क्वेसारकडे, पुन्हा ठिपक्याकडे अशा माना वळवत राहतात. पृथ्वीची हवा दोघांच्याही लहरींना जवळपास सारखंच हेलकावते, म्हणून दोन स्थानांची वजाबाकी केली की हवेची गडबड बरीचशी निघून जाते. उरतं ते खुंटीपासूनचं अंतर. हे वर्षानुवर्षं करायचं. २००४ मध्ये त्यांनी निकाल मांडले आणि २०२० मध्ये १८ वर्षांच्या निरीक्षणांवरून ते आणखी धारदार केले.

ठिपका सरकताना दिसला, वर्षाला ६.४ मिलीआर्कसेकंद. म्हणजे अडीच किलोमीटरवर धरलेल्या केसाच्या जाडीएवढा कोन. पण ही हालचाल कृष्णविवराची नव्हती, आपलीच होती! सूर्य आपल्या सगळ्यांना घेऊन सेकंदाला २५० किलोमीटरच्या आसपास वेगाने केंद्राला फेरी घालतो. गाडीतून बाहेर पाहताना झाडं मागे पळतात तसा तो ठिपका मागे पळतोय.

खरी परीक्षा आकाशगंगेच्या पातळीला लंब दिशेने होते. त्या दिशेला सूर्याची हालचाल छोटी, सेकंदाला ७ किलोमीटरच्या आसपास आहे आणि ती शेजारच्या ताऱ्यांवरून स्वतंत्रपणे कळते. ती वजा केल्यावर ठिपक्याच्या वाट्याला जे उरलं ते सेकंदाला एक किलोमीटरहून कमी, मोजमापाच्या चुकीच्या मर्यादेत शून्याला चिकटलेलं. पातळीच्या दिशेने मात्र असा काटेकोर निवाडा करता येत नाही, कारण तिथे सूर्याचा वेगच मोठा आहे.

आता याच्या शेजारी एस-२ नावाचा तारा ठेवा. तो १६ वर्षांत या ठिपक्याभोवती एक फेरी मारतो आणि मे २०१८ मध्ये सर्वांत जवळ आला तेव्हा सेकंदाला साडेसात हजार किलोमीटरहून अधिक वेगाने गेला. आजूबाजूचे तारे हजारो किलोमीटर वेगाने भिरभिरताहेत आणि मधला ठिपका ढिम्म. तो साधा तारा असता तर केव्हाच उधळला गेला असता. या स्तब्धतेवरूनच हिशोब निघतो की ठिपक्याच्या जागी किमान काही लाख सूर्यांचं वजन असलंच पाहिजे. राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांना २०२० चं नोबेल मिळालं ते ताऱ्यांच्या धावण्यावरून काढलेल्या वजनासाठी. न हलण्यावरून काढलेलं वजन मला जास्त देखणं वाटतं, पण ही आवडीनिवडीची गोष्ट.

दोन दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या कृष्णविवरांचं काय होतं?

या प्रवासाचे तीन टप्पे मिच बेगेलमन, रॉजर ब्लँडफर्ड आणि मार्टिन रीस यांनी १९८० मध्ये मांडले. ते आजही तसेच शिकवले जातात.

पहिला टप्पा वर आलाच आहे: दोन्ही कृष्णविवरं गतिकीय घर्षणाने नव्या दीर्घिकेच्या मध्याकडे उतरतात. एनजीसी ६२४० ही दीर्घिका या टप्प्यात पकडली गेली. तिच्यात दोन खादाड कृष्णविवरं सुमारे ३ हजार प्रकाशवर्षांच्या अंतरावर आहेत, हे चंद्रा क्ष-किरण दुर्बिणीने २००२ मध्ये दाखवलं.

दुसऱ्या टप्प्यात ती एकमेकांभोवती फिरू लागतात आणि घर्षणाची जुनी तऱ्हा चालेनाशी होते. आता जवळ येणारा प्रत्येक तारा या जोडीच्या तावडीत सापडतो, दोन-चार गिरक्या घेतो आणि गोफणीतल्या दगडासारखा बाहेर भिरकावला जातो. जाताना थोडी ऊर्जा घेऊन जातो आणि जोडी तेवढी जवळ येते. असं करत दीर्घिकेचा मध्य पोखरला जातो. मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकांच्या केंद्रात ताऱ्यांची गर्दी अपेक्षेपेक्षा विरळ दिसते ती बहुधा यामुळेच. एनजीसी १६०० मध्ये १७ अब्ज सूर्यांचं कृष्णविवर २०१६ मध्ये मोजलं गेलं आणि भोवतीचा मध्य असाच पोकळ आहे. हा एक प्रकारे गुन्ह्याच्या जागेवरचा पुरावाच.

तिसऱ्या टप्प्यात गुरुत्वीय लहरी, म्हणजे जड वस्तू एकमेकांभोवती फिरताना अवकाशातच उठणारे तरंग, सूत्रं हाती घेतात आणि जोडी एक होते.

यात 'शेवटचा पार्सेक' म्हणून काय अडचण सांगतात?

एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षं. दुसऱ्या टप्प्यात जोडीच्या वाटेत येणारे तारे एकदा उधळून संपले की नवे येणार कुठून? दोघं साधारण एक पार्सेकवर येऊन अडकतील अशी भीती होती. गुरुत्वीय लहरींच्या भरवशावर तिथून पुढे जाणं अशक्य. १०-१० कोटी सूर्यांची दोन कृष्णविवरं एक पार्सेकवरून वर्तुळाकार फिरत असतील, तर फक्त लहरींनी एकत्र यायला विश्वाच्या वयाच्या सुमारे २० हजार पट काळ लागेल. तीच जोडी पार्सेकच्या शंभराव्या भागावर असेल तर काम सुमारे ३० लाख वर्षांत उरकतं. हा काळ अंतराच्या चौथ्या घाताने बदलतो, त्यामुळे अंतर शंभरपट घटलं की काळ १० कोटी पटींनी घटतो. सगळं अडतं ते मधल्या त्या पट्ट्यात.

आता बहुतेकांचं मत असं की निसर्ग यातून वाट काढतो. नुकत्याच मिसळलेल्या दीर्घिका गोल गरगरीत नसतात. त्यांच्या वेड्यावाकड्या आकारामुळे ताऱ्यांच्या कक्षा भटकत राहतात आणि जोडीला नवे तारे मिळत जातात. वायू असेल तर तोही ओढ लावतो. क्वचित तिसरं कृष्णविवर येऊन ढकलाढकली करतं.

०४०२+३७९ या रुक्ष नावाच्या दीर्घिकेत दोन कृष्णविवरं फक्त २४ प्रकाशवर्षांवर आहेत, मिळून सुमारे १५ अब्ज सूर्यांची. २०१७ मध्ये त्यांच्या हालचालीवरून फेरीचा काळ सुमारे ३० हजार वर्षं निघाला. एवढ्या हळू हलणाऱ्या गोष्टीची हालचाल बारा वर्षांच्या निरीक्षणांत पकडली हे मला अजूनही थोडं अविश्वसनीय वाटतं.

खरंच एकत्र येतात याचा काही पुरावा?

जून २०२३ मध्ये उत्तर अमेरिकेतला नॅनोग्रॅव्ह गट आणि युरोप, ऑस्ट्रेलिया, चीनमधल्या गटांनी एकाच वेळी निकाल जाहीर केले. युरोपीय गटासोबत जीएमआरटी दुर्बीण वापरणारा इंडियन पल्सार टायमिंग ॲरेही होता. पल्सार म्हणजे गरगर फिरत रेडिओ ठोके देणारे मृत तारे. घड्याळासारख्या नियमित पल्सारांचे ठोके किंचित मागेपुढे होतात, आणि ते आकाशभर एका ठरावीक नमुन्यात होतात. अंतराळातून सतत जाणाऱ्या संथ गुरुत्वीय लहरींचा हा गलका असावा. सर्वांत साधं स्पष्टीकरण म्हणजे विश्वभर पसरलेल्या महाकाय कृष्णविवरांच्या असंख्य जोड्या. अजून एकही जोडी या गलक्यातून सुटी ओळखता आलेली नाही, तेव्हा 'सिद्ध झालं' असं म्हणायला मी तरी थांबेन.

एकत्र आल्यावर कृष्णविवराला लाथ बसते म्हणतात, ती कोण मारतं?

त्यांच्याच लहरी. गुरुत्वीय लहरी ऊर्जेबरोबर संवेगही वाहून नेतात. दोन्ही कृष्णविवरं अगदी जुळी असतील तर लहरी सगळीकडे सारख्या जातात आणि हिशोब शून्य होतो. पण एक जड, एक हलकं असेल किंवा दोघांच्या गिरक्यांचे अक्ष तिरके असतील, तर एका बाजूला जास्त लहरी जातात आणि जे नवं कृष्णविवर बनतं ते उलट्या बाजूला फेकलं जातं. बंदूक झाडल्यावर खांद्याला बसतो तसा धक्का.

किती मोठा, हे २००५ नंतरच नीट कळलं, कारण तोवर आइन्स्टाइनची समीकरणं संगणकावर अशा टकरीसाठी सोडवताच येत नव्हती. गिरकी नसलेल्या कृष्णविवरांना जास्तीत जास्त सेकंदाला १७५ किलोमीटरच्या आसपास धक्का बसतो. २००७ मध्ये लक्षात आलं की दोघांचे अक्ष कक्षेच्या पातळीत आडवे आणि एकमेकांच्या उलट असतील तर तो ४ हजारांपर्यंत जाऊ शकतो. पुढे काही मांडण्यांत ५ हजारही निघाला. मोठ्यातल्या मोठ्या दीर्घिकेतून कायमचं निसटायला सेकंदाला एक-दोन हजार किलोमीटर पुरतात. बटू दीर्घिकेतून तर शे-दोनशेतही सुटका होते.

म्हणजे बरीच केंद्रं रिकामी असायला हवीत? तसं दिसत नाही. मोठ्या दीर्घिकांमध्ये नीट शोधलं की कृष्णविवर बहुधा सापडतंच. माझ्या मते याचं उत्तर वायूत आहे: भोवतीची वायूची तबकडी दोघांचे अक्ष हळूहळू एका दिशेला आणते आणि मग लाथ सौम्य बसते. त्यातून मध्यम लाथ बसलीच, तर कृष्णविवर बाहेर जाऊन झोपाळ्यासारखं परत येतं, केंद्र ओलांडून पलीकडे जातं, आणि तेच जुनं घर्षण त्याला काही कोटी वर्षांत पुन्हा जाग्यावर बसवतं.

हाकललेलं कृष्णविवर कोणाला दिसलं आहे का?

उमेदवार आहेत, पक्का कबुलीजबाब नाही. शोधायची खूण मात्र छान आहे. निघताना कृष्णविवर अगदी जवळचा, घट्ट धरलेला वायू बरोबर घेऊन जातं आणि दूरचा वायू दीर्घिकेतच राहतो. जवळचा वायू वेगाने फिरत असल्याने वर्णपटात रुंद रेषा देतो, दूरचा अरुंद. तेव्हा रुंद रेषा अरुंद रेषांपासून सरकलेल्या दिसल्या की कान टवकारायचे. थ्री-सी १८६ हा क्वेसार तसा आहे: रेषांत सेकंदाला २,१०० किलोमीटरचा फरक आणि दीर्घिकेच्या मध्यापासून सुमारे ३५ हजार प्रकाशवर्षं दूर. हे २०१७ मध्ये हबलच्या मदतीने जाहीर झालं.

२०२३ मध्ये हबलच्याच एका चित्रात सुमारे २ लाख प्रकाशवर्षं लांब, काडीसारखी सरळ ताऱ्यांची रेघ दिसली. पळत्या कृष्णविवराने मागे टाकलेला माग, असं शोधणाऱ्यांचं म्हणणं. लगेच दुसऱ्या गटाने सांगितलं की ही कडेवरून दिसणारी साधी चपटी दीर्घिका असावी. या क्षेत्रात असंच चालतं आणि ते चांगलंच आहे.

केंद्र सोडून दुसरीकडेच असणारी कृष्णविवरं?

आहेत, आणि लहान दीर्घिकांमध्ये तर सर्रास. २०२० मध्ये १११ बटू दीर्घिकांच्या रेडिओ पाहणीत १३ ठिकाणी कृष्णविवरं आढळली आणि त्यांतली जवळपास निम्मी मध्यावर नव्हती. हलकं कृष्णविवर, मध्यावर पुरेशी गर्दी नाही, म्हणून घर्षणही नाही. तिथे 'केंद्र' या शब्दालाच फारसा अर्थ नसतो.

मोठ्या दीर्घिकेतलं भटकं कृष्णविवर एरवी अंधारात असतं. चुकून एखादा तारा जवळ आला आणि फाटला तरच भडका उडतो. एटी२०२४टीव्हीडी हा असाच भडका, केंद्रापासून सुमारे २,६०० प्रकाशवर्षांवर.

देवयानी दीर्घिकेच्या मध्यात दोन ठिपके दिसतात. तीही कृष्णविवरांची जोडी का?

नाही. हबलने १९९३ मध्ये ते दोन ठिपके वेगळे दाखवले तेव्हा अनेकांना तसंच वाटलं होतं. स्कॉट ट्रेमेन यांनी १९९५ मध्ये सुचवलेलं स्पष्टीकरण आता मान्य आहे: तिथे एकाच कृष्णविवराभोवती ताऱ्यांची लांबट, एका बाजूला कललेली तबकडी आहे. तारे कक्षेच्या दूरच्या टोकाला रेंगाळतात, म्हणून तिथे जास्त उजेड दिसतो. कृष्णविवर आहे ते अंधुक ठिपक्याच्या बाजूला.

आपलं कृष्णविवर हलत हलत आपल्याकडे आलं तर?

येणार नाही. ते सुमारे २७ हजार प्रकाशवर्षं लांब आहे.

एखादी जोडी प्रत्यक्ष एक होताना कधी पकडता येईल?

युरोपीय अंतराळ संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये लिसा मोहिमेला मंजुरी दिली. २०३५ मध्ये उड्डाण ठरलं आहे. २५ लाख किलोमीटर बाजूंच्या त्रिकोणात तीन यानं एकमेकांवर लेझर रोखून सूर्याभोवती फिरतील. काही लाख ते कोटभर सूर्यांच्या जोड्या एक होताना ज्या वारंवारतेच्या लहरी निघतात, त्यांच्यासाठीच हा त्रिकोण बेतलेला आहे. एखादी जोडी विलीन होण्याच्या कित्येक दिवस आधीपासून लिसाला ऐकू येऊ लागेल. आकाशात साधारण कुठे पाहायचं हे आधीच कळलं, तर बाकीच्या दुर्बिणी तिकडे वळवून ठेवता येतील. लाथ कोणत्या दिशेला बसली हेही लहरींच्या शेवटच्या काही गिरक्यांत लिहिलेलं असतं. ते वाचता आलं तर कृष्णविवर कुठे निघालंय हे ते निघाल्याच्या क्षणीच कळेल, आणि रुंद-अरुंद रेषांचा लपंडाव त्या एका जोडीपुरता तरी संपेल.